टांगलेल्या माणसाचे केस

आत्यानं पत्ता सरळ केला. म्हणजे तिच्या मते सरळ. पत्त्यावरचा माणूस एका पायानं झाडाला टांगलेला होता, डोकं खाली, पाय वर, आणि त्यानं तसंच असायला हवं होतं. त्या पत्त्याचं सरळ असणं म्हणजेच त्या माणसाचं उलटं असणं, असं पत्त्यांसोबतच्या पुस्तिकेत स्वच्छ छापलेलं होतं. पण अंबुजा आत्या टेबलावर वाकली, आणि देवघरातली तसबीर कलली असावी तशी दोन बोटांनी तिनं तो पत्ता हळूच फिरवला. "असं कुणी माणसास ठेवतं का?" ती म्हणाली. समोर बसलेल्या कार्तिकेयच्या खोट्या मिशीखाली घाम फुटला. मिशी डिंकाची होती आणि तिला घाम चालत नसे. डाव्या टोकाशी ती सुटू लागल्याचं त्याला कळलं, आणि आपण काही विचार करतो आहोत अशा आविर्भावात त्यानं तिथं बोट दाबून धरलं. आत्यानं आपल्याला ओळखलेलं नाही, एवढाच त्या क्षणी त्याचा आधार होता. सख्खा भाचा समोर बसला आहे हे सख्ख्या आत्याला कळू नये, म्हणून तो देवाची प्रार्थना करत होता. आणि अशी प्रार्थना कुठल्या देवाकडे करायची असते हे माहीत नसल्यामुळे हॉटेलच्या लॉबीतल्या माशांच्या पेटीकडे बघत होता.

ती आली तेव्हाच त्यानं उठून पळायला हवं होतं. पण डोक्यावर जयपूरहून मागवलेला फेटा घेऊन पळता येत नाही. काचेच्या दाराबाहेर तिनं चपला काढल्या. दरवान म्हणाला, अम्मा, इथं काढायच्या नसतात. ती म्हणाली, असू दे, आत गार अहे. गार फरशी आणि गार हवा जिथं असते तिथं चपला काढायच्या, हे तिला देवळानं शिकवलेलं. मग ती अनवाणी त्या संगमरवरावरून, बुफेच्या पाटीजवळून, दोन जर्मन बायांच्या मधून चालत आली आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, उरलेली खुर्ची कुणासाठी तरी राखून ठेवल्यासारखी. कार्तिकेयला वाटलं, आता ती म्हणणार, कार्ती, हे काय सोंग! पण ती हात जोडून म्हणाली, "आमची मराठी जुनी अहे. तुम्ही मुंबईचे. हसू नका." आणि तो, तिच्याच घरी तिच्याच मराठीत वाढलेला, पुण्याहून आलेल्या पर्यटकांकडून उचललेल्या मराठीत म्हणाला, "छे छे, मावशी, किती गोड बोलता हो तुम्ही!" हे वाक्य त्याला त्या पर्यटकांनीच ऐकवलं होतं, पोपटाला ऐकवावं तसं. तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. आता तेच वाक्य आपल्या तोंडून आत्याच्या अंगावर गेलेलं पाहून त्या पुन्हा तापल्या. फेट्याखाली असल्यामुळे ते दिसलं नाही. फेट्याचा तेवढा एक उपयोग.

फेट्याची कल्पना मॅनेजरची. तिरुची रस्त्यावर हे हॉटेल उघडलं तेव्हा शहरात एवढी मोठी काच कुणी पाहिली नव्हती. पहिल्या महिन्यात एक बैल तिला धडकला. कार्तिकेय बी.कॉम. होऊन रिसेप्शनवर लागला होता. कुणी एक डच बाई खोलीत पत्त्यांचा जोड विसरून गेली. बावनपेक्षा बरेच जास्त पत्ते, त्यांवर राजे, राण्या, भोपळ्याएवढा चंद्र, हाडांचा घोडेस्वार, आणि सोबत अर्थ सांगणारी इंग्रजी पुस्तिका. मॅनेजर म्हणाला, तू मराठा ना? राजाची माणसं तुम्ही. तूच वाच. परदेशी लोकांना देऊळ बघून झालं की संध्याकाळी काय करायचं ते समजत नाही. कार्तिकेयनं सांगायचा प्रयत्न केला, की आम्ही राजाची माणसं म्हणजे या तमिळ मुलखात आलेल्या मराठा राजाच्या कचेरीतली, आमच्यात कुणी घोड्यावर बसलेला नाही, पणजोबांना तर बैलगाडीतही मळमळायचं. पण पाटी आधीच रंगून आली होती: रॉयल मराठा टॅरो, खास मुंबईहून. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी मिशी लावून गंभीर चेहऱ्यानं बसत असे. गंभीर चेहरा ही त्याची लहानपणापासूनची कमाई. काहीही वेडंवाकडं बोलताना त्याचा चेहरा हलत नसे, आणि त्यामुळे लोक विश्वास ठेवत. शेजारच्या विशालाक्षी मामींची गाय हरवली तेव्हा त्या मोलकरणीला घेऊन इथं आल्या. त्यांनीही त्याला ओळखलं नाही, आणि त्यानं एक रथाचा पत्ता काढून सांगितलं, गाय ईशान्येला आहे. गाय ईशान्येला सापडली. ईशान्येला पेंढ्याचं दुकान होतं. गाय दुसरीकडे कुठं जाणार? पण मामींनी गल्लीभर सांगितलं, मुंबईचा माणूस अहे, गेलेलं सगळं सांगतो. म्हणजे आत्याला इथपर्यंत त्या गाईनं आणलं होतं. आणि गाईला त्यानं.

"माझे यजमान गेलेत," आत्या सांगू लागली. "गेलेत म्हणजे, वारले नाहीत. गेलेत." मग, कुणी गैरसमज करून घेऊ नये म्हणून, "चांगले होते हो. पापनाशमला शेत बघाया म्हणून बसमध्ये बसले." हे सगळं त्याला पाठ होतं. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान चिदंबर, तो शाळेत असताना एका सकाळी पापनाशमच्या बसमध्ये बसले, खिडकीतून हात केला, आणि बस तिकडे पोचली तेव्हा त्यात नव्हते. शेत होतं तिथंच होतं. पुढं कुणी सांगितलं कुंभकोणमला दिसले, कुणी सांगितलं अरुणाचल डोंगराच्या पायथ्याशी भगव्या कपड्यांत, एकानं तर सांगितलं की सेलमला लॉटरीचं दुकान घातलं आहे. बाबा, म्हणजे आत्याचे भाऊ रघुपती, दर वेळी जाऊन बघून आले. आतोबा गेले तेव्हा गल्लीत एक टीव्ही होता आणि त्यावर एकच चॅनल. उद्या ते परत आले तर त्यांना किती गोष्टी समजावून सांगाव्या लागतील, याची यादी कार्तिकेय कधीकधी मनात करत असे: रिमोट, एसटीडी बूथ, मिनरल वॉटर, पंतप्रधान, पंतप्रधान, पुन्हा पंतप्रधान. ही यादी तो कॉलेजात मित्रांना ऐकवी आणि ते हसत. तो स्वतः हसत नसे, त्यामुळे ते आणखी हसत. आत्ता आत्याचा आवाज ऐकताना ती यादी आपोआप त्याच्या डोक्यात सुरू झाली आणि बंद होईना. कुणाच्या तरी घरी प्रेत असताना शेजारचा रेडिओ चालू राहावा, तशी.

"मुलीचं लग्न ठरलंय," आत्या म्हणाली. "बेंगळूरचे लोक. चांगले अहेत. पण त्यांचे अप्पाजी म्हणतात, पत्रिकेत वडिलांच्या नावामागं काय छापायचं, श्री. का कै., ते ठरवा." अप्पाजी म्हणजे नवऱ्या मुलाचे आजोबा. त्यांनी ते कसं म्हटलं होतं हे कार्तिकेयनं स्वतः ऐकलं होतं, कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभा असताना. ते म्हणाले होते, मांडवात कुणी विचारलं मुलीचे वडील कुठं, तर काय सांगायचं, हात धुवायला गेलेत? बारा वर्षं झाली. शास्त्रात सोय आहे. दर्भाचा माणूस करा, अग्नी द्या, मोकळे व्हा. आत्याची मुलगी हरिप्रिया तेव्हा आत फुलं ओवत होती, तिनं दोरा तोडला. आत्यानं हात उचलून कपाळाचं कुंकू बोटानं चाचपलं, गॅस बंद केला की नाही हे बघावं तसं. मग बाबांनी विचारलं, अग्नी कोण देणार, मुलगा नाही. आणि सगळ्यांच्या माना ट्रेकडे वळल्या. कार्तिकेय म्हणाला, सरी, म्हणजे बरं. तो नेहमीच सरी म्हणत असे. मग त्याच्या ध्यानात आलं, की अग्नी देणाऱ्याला डोकं भादरावं लागतं, आणि थोड्याच दिवसांनी बेंगळूरला त्याची मुलाखत आहे. तिथल्या एका कंपनीत अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करायचं काम होतं. अर्जावरच्या फोटोत केस होते. दाट, काळे, मागं वळवलेले. फोटो स्टुडिओवाल्यानं त्या फोटोची वेगळी प्रत काचेत लावली होती. आता तुळतुळीत डोक्यानं समोर गेलो, की ते विचारणार, कोण गेलं? आणि आपण म्हणणार, नक्की सांगता येत नाही. हा विनोद त्याला त्याच क्षणी सुचला, आणि तो कुणाला ऐकवायचा नाही हेही त्याच क्षणी ठरलं. कारण तो विनोद नव्हता, ती त्याची भीती होती, आणि ती मेलेल्या किंवा न मेलेल्या माणसाबद्दल नव्हती, केसांबद्दल होती.

आणि ते केस तरी कुठले? दर शनिवारी पुरुषांनी डोक्याला तेल लावून न्हायचं. आतोबा गेले तो शुक्रवार. दुसऱ्या दिवशी आत्यानं नेहमीप्रमाणे तिळाचं तेल मिरी घालून कढवलं, मागच्या दारी पाट मांडला आणि वाट बघत बसली. तेल निवलं. कढवलेलं तेल फेकायचं नसतं, म्हणून तिनं अंगणात खेळणाऱ्या कार्तिकेयला हाक मारली आणि पाटावर बसवलं. पुढच्या शनिवारीही तसंच. ती कढवायची आतोबांसाठी, वाट बघायची आतोबांची, आणि निवायला लागलं की हाक मारायची त्याला. शाळा झाली, कॉलेज झालं, त्याला मिसरूड फुटलं तरी शनिवार चुकला नाही. तिची बोटं टाळूवर थापट्या मारत, कानामागून मानेपर्यंत उतरत, आणि ती काही बोलत नसे. तो मात्र बोलत असे. शाळेतल्या गमती, मास्तरांच्या नकला. एकदा त्यानं डोळे मिटलेले असताना आतोबांच्या घोगऱ्या आवाजात म्हटलं, "अंबुजा, तेल गरम अहे गं." तिची बोटं थांबली. टाळूवरच थांबली, दाबही कमी झाला नाही, वाढलाही नाही. मग पुन्हा चालू झाली. पुढं कधी तिनं त्याचा उल्लेख केला नाही आणि त्यानंही नाही. तो हे विसरलाही होता. आज, या गार लॉबीत, दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात बोलताना, फेट्याखालची टाळू अचानक तिथंच, त्या बोटांच्या जागी, जड झाली.

"तर मी काय करू ते सांगा," आत्या म्हणाली. "अग्नी देऊ द्यावा, का थांबावं? घरात विचारता येत नाही. ज्यास विचारावं तो भाऊ. तो म्हणतो तुझी मर्जी. माझी मर्जी तर ते घेऊन गेले." तिनं पत्त्यांकडे बोट केलं. त्यानं पत्ते पिसले, तिला एक काढायला सांगितला, आणि निघाला तो टांगलेला माणूस. निळा अंगरखा, लाल विजार, हात पाठीमागं, एक पाय झाडाला बांधलेला, दुसरा गुडघ्यात मुडपून पहिल्यामागं, डोक्याभोवती पिवळं तेज. इतका शांत चेहरा, की फाशी दिलेल्याला तो शोभत नाही. पुस्तिकेत लिहिलं होतं: हा पत्ता सरळ आला तर थांबणं. काही करू नये. माणूस अधांतरी आहे आणि त्याला तसं राहू द्यावं. उलटा आला तर लटकणं संपलं, सोडून द्यावं, किंवा, स्वार्थ. हे दोन अर्थ एकाच ओळीत कसे, हे त्याला कधी कळलं नव्हतं आणि डच बाईनं फोन नंबर ठेवलेला नव्हता. पत्ता सरळ पडला होता. म्हणजे थांब. म्हणजे दर्भाचा माणूस नाही, न्हावी नाही, मुलाखतीला केसांसकट. हे त्याच्या मनात असं ओळीनं, इतकं सफाईनं आलं, की त्याला आपल्याच मनाची किळस आली. चोर पावलं न वाजवता चालतो ते बघून आपल्याला त्याच्याबद्दल जे वाटतं, तसं काहीतरी. आणि नेमकं तेव्हाच आत्यानं पत्ता फिरवला होता.

"मावशी," तो म्हणाला, आणि मिशी दाबून धरली, "तो उलटाच असतो. उलटा म्हणजेच सरळ. पत्ता सांगतो की थांबा." त्यानं पत्ता पुन्हा फिरवायला हात पुढं केला. आत्यानं पत्त्यावर तळवा ठेवला. तेलानं पिवळट झालेली तिची नखं त्याच्या हाताशी आली आणि त्यानं हात मागं घेतला. "थांबा?" ती म्हणाली. "असं पडलंय का त्यात?" "होय." "किती?" "ते पत्ता सांगत नाही." खोटं काहीच नव्हतं. शब्दन् शब्द छापल्याप्रमाणे होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो या खुर्चीवर बसून खरं बोलत होता, आणि इतकी लाज त्याला गाईच्या वेळी वाटली नव्हती.

आत्यानं तळवा उचलला आणि वाकून बघू लागली. जर्मन बाया जेवायला गेल्या, माशांच्या पेटीत बुडबुडे निघत राहिले. "नाचतोय की," ती शेवटी म्हणाली. कार्तिकेयनं पाहिलं. उलटा केलेला तो माणूस खरोखरच उभा होता. एका पायावर, दुसरा पाय मागं मुडपलेला. पायातली दोरी घुंगरांसारखी दिसत होती. डोक्याखाली लोंबणारे केस आता वर उभे राहिले होते, नाचताना पसरतात तसे. या गावात दर दुसऱ्या घरात, दर दुसऱ्या खांबावर असा एक पाय उचललेला नाचणारा देव असतो, आणि तरी हा पत्ता इतके महिने हाताळताना त्याला तो दिसला नव्हता. "त्यांचं नावच तसं," आत्या म्हणाली. "चिदंबर. नाचणाऱ्या देवाचं. आणि बघा, तोंड कसं अहे. दुःख अहे का? नाही. आमच्याकडे असताना असं तोंड कधी नव्हतं त्यांचं." मग पुन्हा निरखून, जराशी असूया वाटल्यासारखी, "रंग पण मनासारखा घातलाय. मी लाल विजार घालू दिली नसती." ती हसली. आत्याला हसताना त्यानं इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. शनिवारी ती नेहमी पाठीमागं असे. "इतका नाचणारा माणूस काय परत येतो?" ती म्हणाली. "आणि मी खाली उभी राहून तेल गरम करते. होऊ द्या अग्नी."

"पण मावशी, पत्ता तर म्हणतो—" तो बोलून गेला. स्वतःच्या आवाजातली घाई त्याला ऐकू आली. ती घाई मुंबईची नव्हती.

आत्या उठली. खुर्ची जागेवर सरकवली. मग खालच्या आवाजात, अगदी घरच्यासारखी म्हणाली, "थांब म्हणतोस ते कुणासाठी, कार्ती?"

त्यानं फेटा काढायला हवा होता. तो तसाच बसून राहिला, बोट मिशीवर. "आत्या, कधी ओळखलंस?" "दाराबाहेरूनच. बारा वर्षं डोकं चोळलंय तुझं, वर लुगडं गुंडाळलंस म्हणून काय?" "मग बोलली का नाहीस?" "तू मावशी म्हणालास. म्हटलं, असेल काही कारण." ती पदर सारखा करत होती. "मुलाखतीचं रघू बोलला होता. केस उगवतात रे, कण्णा. तोवर हे घालून जा बेंगळूरास, राजाची माणसं म्हणून घेतील." ती हे विनोदानं म्हणाली, आणि तिचा चेहरा अजिबात हलला नाही. त्या क्षणी कार्तिकेयच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की गंभीर चेहरा ही त्याची कमाई नव्हतीच. तोसुद्धा दर शनिवारी थोडा थोडा टाळूतून आत मुरलेला होता. पत्ता तिनं पदराला बांधला. विचारलं नाही. दाराबाहेर तिच्या चपला दरवानानं जोडून ठेवल्या होत्या.

विधी शनिवारी ठेवायचा, एवढा एकच हट्ट तिनं धरला. तिरुवैयारूच्या घाटावर न्हाव्यानं कार्तिकेयचं डोकं भादरलं. केस पायरीवर पडले आणि त्यांना तिळाचा वास येत होता. डोक्याला वारा लागला, तो इतका थेट, की कुणीतरी दार न वाजवता आत आल्यासारखं वाटलं. भटजींनी दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा माणूस केला, डोक्याच्या जागी शेंडीसकट नारळ, आणि हातपाय सरळ करून त्याला वाळूत निजवला. बाबा बाजूला उभे होते. हरिप्रिया नदीकडे बघत होती. मग आत्या पुढं झाली, वाकली, आणि दोन बोटांनी त्या दर्भाच्या माणसाचा एक पाय मुडपून दुसऱ्यामागं घातला. भटजी म्हणाले, बाई, असं नसतं. "असंच अहे," आत्या म्हणाली. भटजींनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी कार्तिकेयकडे पाहिलं. कार्तिकेय म्हणाला, "सरी," आणि पाय तसाच राहिला. मग तिनं पिशवीतून वाटी काढली. तेल कढवून आणलेलं होतं, अजून कोमट. ते तिनं नारळाच्या शेंडीवर घातलं आणि चोळलं. घाई न करता, मागून पुढं, थापट्या मारत. वाटीत थोडं उरलं. तिनं वाटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. कढवलेलं तेल फेकायचं नसतं. त्यानं डोकं पुढं केलं. बोटं टाळूवर आली, पण धरायला काही नव्हतं, तेल कुठंच थांबेना, ते कपाळावरून सरळ डोळ्यांत उतरलं. त्यात मिरी होती. बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "रडू नकोस रे." "तेल अहे," तो म्हणाला. अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. आयुष्यभर त्याच्या प्रत्येक थापेवर त्या चेहऱ्यामुळे लोकांनी विश्वास ठेवला होता. आज कुणीच ठेवला नाही. आत्यानं त्याच्या हातात पेटती चूड दिली, आणि धुरात डोळे उघडे ठेवून तो त्या एका पायावरच्या माणसाकडे चालत गेला.